वैयक्तिक कारणास्तव

कुताईसीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून रिओनी नदीतले पांढरे गोटे दिसतात,
मी सहा वर्षं गोळ्या मोजल्या.
दिलेल्या किती, परत आलेल्या किती;
वजाबाकी म्हणजे माणसाने गिळलेल्या,
असं आम्ही धरून चालायचो.
लामाराच्या कोंबड्यांनी किती गिळल्या
त्याला रकाना नव्हता.

औषधाला नाव नव्हतं. दोन अक्षरं, चार आकडे.
कंपनी कुठेतरी समुद्रापलीकडे.
तिथला एक तरुण दर महिन्याला यायचा,
बूट असे की आमच्या फरशीला लाज वाटावी.
तो माणसं बघायचा नाही, कागद बघायचा,
आणि तारखेखाली सही राहिली असेल
तर हळहळायचा,
खरोखर हळहळायचा.

०४१७ म्हणजे ओतिया.
चाळीस वर्षं ट्रकांच्या पोटाखाली झोपून काढलेली.
तपासायला शर्ट काढला की मानेवर ग्रीसची रेघ,
साबणाला न जुमानणारी.
दर खेपेला खिशातून दोन अक्रोड काढून
माझ्या टेबलावर ठेवायचा.
मी विचारायचे, गुण येतोय का?
तो म्हणायचा, सिस्टर, इंजिनाचा आवाज बदललाय.
बरा की वाईट, ते अजून कळत नाही.
फॉर्मवर चौकोन तीन:
सुधारणा, स्थिर, बिघाड.
मी 'स्थिर'वर खूण केली.

नोव्हेंबरात तो आला नाही.
फोन त्याच्या बायकोने उचलला आणि ठेवला.
पुन्हा केला. म्हणाली, आता तो यायचा नाही.
तिच्या मागे भांडी वाजत होती,
पुष्कळ माणसांच्या जेवणाची,
आणि कुणीतरी बाई एकाच सुरात रडत होती.
मी 'का' विचारलं नाही.

तरुणाने विचारलं, कारण सांगितलं त्यांनी?
शब्दांत?
नाही.
मग हा चौकोन, म्हणत त्याने बोट टेकवलं.
*वैयक्तिक कारणास्तव सहभाग थांबवला.*
मी खूण केली. पेन त्यांचंच होतं,
फार छान चालायचं.

दोन वर्षांनी शोधनिबंध छापून आला.
डॉक्टर नुग्झारनी बोलावून दाखवला;
आभारांत त्यांचं नाव होतं, एक अक्षर चुकलेलं.
मधोमध आलेख. दोन रेषा,
बराच वेळ जोडीने चाललेल्या,
मग एक किंचित वर.
त्या फटीत सुरीचं पातं शिरलं नसतं,
पण त्यातून डबे बाहेर पडले,
जहाजं भरभरून.
तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
अकरा जण, वैयक्तिक कारणास्तव.
ते पान मी उलटंसुलटं करून पाहिलं.
ओतिया त्यात
औषधालाही नव्हता.

मला चुकीचं समजू नका.
घटसर्पातून मला एका सुईनेच परत आणलं होतं.
माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत ती सुई
तीन दिवस उशिरा पोचली.
रक्तदाबाची गोळी मी आजही घेते, न चुकता,
पावाचा पहिला तुकडा मोडण्याआधी.
फक्त घेण्यापूर्वी तिला तळहातावर
जरा वेळ थांबवते.
ती काही बोलत नाही.
तिला बोलायला कुणी शिकवलेलं नसतं.

परवा बाजारात त्सिआला दिसली,
ओतियाची बायको. अक्रोड विकत बसली होती.
मी मान खाली घातली, पण तिने ओळखलं.
पिशवी भरता भरता म्हणाली,
त्या गोळ्यांचं काय झालं पुढे?
आल्या का बाजारात?

आल्या, मी म्हटलं.

बाकीच्यांना तरी गुण आला का?

माझ्या डोळ्यांपुढे ती फट.
किंचित, मी म्हणाले.

तिने तराजू पाहिला, काटा स्थिर होईपर्यंत,
मग त्यावर आणखी दोन अक्रोड टाकले.